मॅचिंग सेंटरच्या माडीवर

मी मॅचिंग सेंटरच्या वर राहतो. अकोटात कोणी पत्ता विचारला तर असंच सांगतो, कारण घर म्हणून ते आता कोणाला ओळखू येत नाही. खाली साड्यांचे फॉल, ब्लाउजपीस, अस्तरं, परकर, वर मी. जिना दुकानाच्या पोटात, काउंटरच्या मागे. घरी जायचं म्हणजे आधी दुकानात शिरायचं, बायकांच्या घोळक्यातून "जरा सरा बाई" म्हणत वाट काढायची, काउंटरची फळी उचलायची आणि मग अकरा पायऱ्या. स्वतःच्या घरात चोरासारखा शिरणारा या गल्लीत मी एकटाच. तसा गल्लीत मुक्कामाला राहणाराही मी एकटाच उरलोय. साडेआठला शटरं पडली की सगळे आपापल्या कॉलनीत जातात.

गल्ली बाजारातली. दोन्ही बाजूंना सागवानी घरं. मोठी नाहीत, वाडे तर मुळीच नाहीत. दोन खण खाली, एक माडी वर. शिंप्यांनी, सोनारांनी, कापसाच्या पेढीवरच्या मुनिमांनी बांधलेली. लाकूड सातपुड्यातून बैलगाडीवर आलेलं. या घरांची गंमत अशी की सगळा भार खांबांवर आणि तुळयांवर. मधल्या भिंती नुसत्या भरलेल्या, मातीविटांच्या. भिंत पाडली तरी घर हूं की चूं करत नाही. म्हणून तर दुकानं करणं एवढं सोपं गेलं. पुढची भिंत काढायची, दोन खांबांच्या मधे शटर बसवायचं, खाली टाइल्स, वर पीओपी, बाहेर फ्लेक्स, की आठ दिवसांत घराचं मेडिकल होतं. मोबाइलवाला, चष्मेवाला, सलूनवाला, केकवाला, सगळे खांबांना चॉकलेटी ऑइलपेंट फासून बसलेत. केकवाल्याच्या खांबाच्या माथ्यावर लाकडात कोरलेला एक पोपट आहे. त्याच्या चोचीला त्याने फुग्यांचा दोरा बांधलाय. ते पाहिलं की डोक्यात तिडीक जाते. पण मी काही बोलत नाही.

बोलायला तोंडच कुठे आहे? मी बांधकाम खात्यात आरेखक होतो. नोकरीची पहिली वर्षं अमरावतीला, बाकी सगळी अकोटच्या उपविभागात. उभी हयात नकाशे काढण्यात गेली. गल्लीत कोणाला शटर बसवायचं असलं की तो आधी माझ्याकडे यायचा. "बाबू, हे भित काढली तं चालते काय?" मी चष्मा चढवून, तुळईवर बोटाने टकटक करून खुशाल सांगायचो, काढ. सल्ला फुकट आणि वर चहा माझ्याच घरचा. मान मिळायचा ना! त्या मानापायी गल्लीतली अर्धी घरं माझ्याच तोंडी हुकमाने गेली, हे तेव्हा लक्षात आलं नाही. लक्षात आलं असतं तरी मी थांबलो असतो असं वाटत नाही.

माझं घर तेवढं शेवटपर्यंत घर होतं. आमच्या घराण्यातले पहिले नोकरदार म्हणजे माझे वडील. त्यांनी ते एका शिंप्याकडून घेतलं होतं, आणि आमच्या वस्तीतून या बाजारगल्लीत राहायला येणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पुढे दगडी ओटा होता, कमरेपेक्षा जरा खाली, बसलं की पाय बरोबर जमिनीला टेकतील असा. त्या ओट्यावर रोज चार वाजता माझा एक दोस्त येऊन बसायचा.

तो फुलंवाला. गावाबाहेर त्याचा फुलांचा छोटा मळा होता. सकाळी टोपलं घेऊन बाजारात यायचा, चारपर्यंत टोपलं रिकामं व्हायचं, आणि मग घरी जाण्याआधी माझ्या ओट्यावर टेकायचा. मी ऑफिसात असलो तर बायको त्याला चहा द्यायची, तो एकटाच बसायचा, मी आलो की दोघं. रिटायर झाल्यावर मी चारच्या आधीच ओट्यावर असायचो. काय बोलायचो? काही नाही. "ऊन लय तापलं." "हाव." "पोरगा काय म्हणते?" "बरा हाय." दिवेलागणीला तो उठायचा, टोपी झटकायचा, जायचा. अशी तीसेक वर्षं गेली. वर माडीवर तो फक्त पौर्णिमेला यायचा. त्या दिवशी बायको पांढरी साडी नेसायची, आमच्याकडे बुद्धवंदना व्हायची, आणि हा टोपल्यातली पांढरी फुलं सकाळपासून बाजूला काढून, पळसाच्या पानात बांधून आणायचा. वंदना होईपर्यंत दाराशी हात जोडून उभा राहायचा आणि खीर खाऊन जायचा. त्याची बायको आधी गेली, मग माझी. पौर्णिमेची फुलं त्याने चालूच ठेवली.

बायको गेल्यावर घर मला खायला उठलं. मुलगी पुण्याला, तिचा रविवारी फोन. चार ते सहा दोस्त यायचा तेवढंच काय ते. उरलेल्या दिवसाचं काय करायचं? रेडिओ लावून पाहिला, कुंड्या आणून पाहिल्या, दोन्ही बंद पडलं. तशात एक बाई आली. चाळिशीची, नीटनेटकी, बोलायला मोकळी. तिला मॅचिंगचं दुकान टाकायचं होतं, खालचे दोन खण भाड्याने द्याल का म्हणून. मला भाड्याची गरज नव्हती, पेन्शन पुरून उरतं. मी हो म्हटलं ते वेगळ्याच लोभाने. खाली दिवसभर माणसं येतील, आवाज असेल, कोणी जाता-येता "काय काकाजी" म्हणेल. एकटेपणाला कंटाळलेला माणूस काय काय हिशेब करतो, सांगायची सोय नाही.

दुकानाचा नकाशा मी स्वतः काढला. किती वर्षांनी हातात पेन्सिल आली होती! शटर किती फुटी, काउंटर कुठे, कपाटं कुठे, जिना कुठे, सगळं स्केलने. ओटा आड येत होता, म्हणून त्याच्यावर मीच काट मारली. वर जायला वेगळा दरवाजा ठेवावा हे मला सुचलं नाही असं नाही. पण त्यासाठी दुकानाची तीन फूट जागा गेली असती आणि नकाशा बेढब दिसला असता. मग मी तो रस्ता दुकानातूनच काढला. वर जाणारा मीच, आणि मला कोण अडवतंय?

ओटा फोडला त्या दिवशी दोस्त समोरच्या बाजूला टोपलं घेऊन उभा होता. मला जरा अपराध्यासारखं झालं. तो म्हणाला, "दगड व्हते, गेले. तू काहून जीव लावून राहिला?"

"आता वर येत जा," मी म्हटलं. "खिडकीपाशी दोन खुर्च्या टाकतो."

"हाव. येतो ना."

झालं, माझ्या मते विषय संपला. मी खरोखर दोन खुर्च्या आणल्या, वेताच्या, हात टेकायला जागा असलेल्या.

दुकान सुरू झालं आणि तो आला नाही. पहिल्या दिवशी वाटलं, उद्घाटनाच्या गर्दीत कशाला. दुसऱ्या दिवशी वाटलं, मळ्यात काम निघालं असेल. आठवडा गेला तेव्हा मला खात्री पटली की हा ओट्यापायी फुगलाय. तोंडावर म्हणतो दगड होते, आणि मनात धरून बसतो! मी तसा तापट माणूस, राग नाकावर. म्हटलं, मी खुर्च्या आणल्या, मी बोलावलं, आता त्याच्या दारात जाऊन नाक घासू का? फोनचं म्हणाल तर आम्ही एकमेकांना कधी फोन केलाच नव्हता. रोज भेटणाऱ्या माणसाला फोन कशाला करायचा? त्याचा नंबरही माझ्याकडे नव्हता. खिडकीतून तो रस्त्यात दिसला असता, तर तेही नाही. बाईच्या नवऱ्याने एवढा मोठा फ्लेक्स लावला की माझी खिडकी त्याच्या मागे गेली. आत दिवसा गुलाबी उजेड पडायचा, त्या फ्लेक्सवरच्या साडीचा. माझ्याच खिडकीसमोर, आणि मी त्यालाही चालेल म्हणालो होतो.

आवाज मात्र भरपूर मिळाला. माडीची जमीन फळ्यांची, खालचं सगळं वर ऐकू येतं. "हा मोरपंखी नाही, जरा डार्क दाखवा." "याच्यात दोन नंबर अस्तर लागेल काय?" दिवसभर हेच. त्यातला एकही शब्द माझ्यासाठी नव्हता. गर्दीच्या वेळी खाली उतरलो की बायका पदर सावरून बाजूला व्हायच्या, एखादी दचकायची, आणि बाई दरवेळी सांगायची, "मालक आहेत, मालक आहेत." हे दोन-चारदा झालं आणि मला नको वाटू लागलं. मग मी दूध, भाजी, औषध सगळं सकाळी दुकान उघडलं की उरकून घ्यायचो आणि बारानंतर वरच. चार ते सात तर बायकांची झुंबड असायची, त्या वेळी मी पायरीवर पाऊलसुद्धा ठेवायचो नाही. वेताच्या खुर्चीत बसायचो. समोर दुसरी खुर्ची रिकामी. मला जगात काही नको होतं, चार वाजता त्या खुर्चीत एक माणूस हवा होता. हे लिहायलाही लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू?

मग पौर्णिमा आली. मनात म्हटलं, आज येईल. फुगला तरी पौर्णिमेला येईल, पौर्णिमा तो चुकवणार नाही. खीर केली, जमेल तशी. वाट पाहिली. अंधारून आलं, तरी कोणी नाही. शेवटी कोपऱ्यावरून फुलं आणावीत म्हणून खाली उतरलो, तर काउंटरवर लक्ष्मीच्या तसबिरीपुढे पांढरी ताजी शेवंती होती. एक क्षण वाटलं, दुकानातही आज फुलं आहेत आणि माझ्याच घरात नाहीत. आणि मी पुढे गेलो. कोपऱ्यावर झेंडूच उरला होता, तोच आणला. तो वाहून एकट्यानेच वंदना म्हटली. खीर दुसऱ्या दिवशी आंबली. त्या दिवसापासून त्याचं नाव मी मनातून काढून टाकलं, निदान मी तसं ठरवलं.

पावसाळा गेला. एक दिवस सकाळी मी पिशवी घेऊन उतरत होतो, दुकानात अजून कोणी नव्हतं, बाई ब्लाउजपीसच्या घड्या लावत होती. ती सहज म्हणाली, "काकाजी, ते फुलंवाले बाबाजी बरे आहेत ना? लय दिवस झाले, दिसले नाई."

"कोणते बाबाजी?"

"ते टोपीवाले. रिकामं टोपलं घेऊन येत, चार-साडेचारले. लय खेपा आले दुकानात."

मी पिशवी खाली ठेवली. "दुकानात? कशाला?"

"कशाले म्हणजे? घ्याले. तसे गर्दीत एका बाजूले उभे राहत बिचारे, लय वेळ. बायायच्या मधात माणूस, लाजत, हळूच बोलत. म्या इचारलं, बाबाजी काय दाखवू, तं समोर जे असीन त्याच्याकडे बोट करत. कधी फॉल, कधी ब्लाउजपीस. रंग कोणता म्हटलं तं म्हणत, कोणताबी द्या. म्या म्हटलं घरी कोणी बाईमाणूस असीन."

त्याच्या घरी बाईमाणूस नव्हतं. चार वर्षांपासून नव्हतं. मी पायरीवरच बसलो. ती आपली सांगतच होती, चांगल्या मनाची बाई, तिला काय कल्पना.

"एकडाव त्यायनं इचारलं, वर कोणी राह्यते काय? म्या म्हटलं, मालक राह्यतात, काही काम होतं काय? तं म्हणे, नाई, काम काही नाई. आन गेले. मंग एक दिवस फुलं आणली, पानात बांधून. म्हणे, हे वर... मंग म्हणे, राहू द्या, ठेवा. म्या लक्ष्मीले वाह्यली."

मला तिथेच सगळं कळलं. दुकानात शिरलं की काही घ्यावं लागतं, नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही, ही त्याची रीत. तो स्वतः बाजारात बसणारा माणूस. फुलं हाताळून न घेता जाणाऱ्यांचा त्याला किती राग यायचा ते मला माहीत होतं. आणि परक्या बाईच्या काउंटरची फळी उचलून वर जायचं, तर तिला काय सांगायचं? काम काय? बसायला येणाऱ्याचं काम काय असतं? ओट्यावर त्याला हा प्रश्न तीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. नकाशात जिना मी स्केलने मोजला होता. पण आमच्याकडे नुसता बसायला येणारा माणूस तिथून वर येऊ शकेल का, याचा विचार मी केला नाही. त्याला मी ओळखत होतो, तरी केला नाही.

त्याच पावली मळ्याकडे गेलो. घराला कुलूप. शेजारच्या वावरात कोणी भेंड्या तोडत होतं, त्याने सांगितलं, "त्याले लकवा मारला नं बाबू. पोरगा अकोल्याले घेऊन गेला. तुमाले माहीत नाई?" तो माझ्याकडे पाहतच राहिला. त्याने पाहावंच. पत्ता मात्र त्याच्याकडे होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अकोल्याला निघालो. गाडीत सारखं वाटत होतं, काय म्हणू? पूर्णेचा पूल आला तरी ठरेना. मुलाचं घर स्टँडपासून फार लांब नव्हतं, नव्या वस्तीत, खालच्या मजल्यावर. दार सुनेने उघडलं. मी कोण ते सांगताच ती हसली, "या काकाजी, या. तुमचं नाव तं रोजच निघे. फोन केला की बाबा सांगत, आज बाबूकडे बसलो. आम्हाले पण बरं वाटे, त्यायले एकटं नाई वाटत म्हणून."

"रोज सांगायचा?"

"रोज. तुमी रोज भेटत होते ना?"

"हाव," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

तो आतल्या खोलीत पलंगावर होता. उजवी बाजू गेलेली, तोंड जरासं वाकडं. मला पाहून त्याचे डोळे भरले की ते लकव्यानेच पाणावलेले राहत, कोण जाणे. मी स्टुलावर बसलो. सून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. "हे पाहा, अकोटचं घर आवरताना बाबांच्या पेटीत निघालं. पिशवीवर तुमच्या गल्लीचा पत्ता आहे, तुमच्या खालच्या दुकानातलं ना?" तिने पिशवी पलंगावर उपडी केली. फॉल, ब्लाउजपीस, कागदासकट, एकही उघडलेलं नाही. मोरपंखी, राखाडी, जांभळा, पुन्हा मोरपंखी. "मी तं साडी नेसतच नाई, डिरेसच घालतो. पण म्हटलं माह्यासाठी घेऊन ठेवत असतीन. जीव लावतात ना." आणि ती चहा ठेवायला आत गेली.

आम्ही दोघं उरलो. मी त्याचा डावा हात धरला. काय सांगायचं ते बसमध्ये सुचलं नव्हतं, ते तिथे भडाभडा बाहेर आलं. "मले वाटलं तू ओट्यापायी फुगला. मले काही माहीत नव्हतं रे. मले कालच समजलं तू येत होता. मी वरच होतो. रोज वरच होतो, तुह्यीच वाट पाहत. तू हाक काहून नाही मारली?"

त्याने बोलायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा नुसता आवाज आला. मग त्याने माझा हात सोडवून घेतला आणि एकेक शब्द वेगळा काढत म्हणाला,

"म्या... थांबत व्हतो. वाटे... तू... उतरशीन. तू... खाली... आलाच नाई."

म्हणजे तो वर यायचा धीर होईना म्हणून नुसता अडून उभा राहत नव्हता. जिन्याकडे पाहत उभा राहत होता. त्या अकरा पायऱ्यांवरून मी कधीतरी, दुधाला म्हणून, पोस्टाला म्हणून, उतरेन आणि मग त्याला कोणाला काही सांगावं लागणार नाही, एवढीच त्याची अपेक्षा होती. आणि नेमक्या त्याच वेळी, बायकांनी बाजूला सरावं लागू नये म्हणून, मी वर दार लोटून बसलो होतो.

"चुकलं माझं," मी म्हणालो. हे दोन शब्द मी आयुष्यात बायकोलाही कधी म्हटले नव्हते. मोठ्याने म्हणालो, त्याला नीट ऐकू जावं म्हणून. त्याने तोंड भिंतीकडे केलं. चहा आला, त्याचा निवत राहिला. तो खरोखर रुसला होता की त्याला झोप लागली होती, मला समजलं नाही. मी शेवटच्या गाडीची वेळ होईपर्यंत स्टुलावर बसून राहिलो, तेवढ्या वेळात तो एकदाही या कुशीवर वळला नाही.